सरोवराकडे पाठ केलेले घर

मित्रांनो, सुपीरियर सरोवराच्या काठी पोर्ट हेल्मर नावाचे गाव आहे. तिथल्या वरच्या रस्त्यावरचे शेवटचे लाकडी घर म्हणजे मी. वय बहात्तर वर्षे. गावात माझ्याहून मोठी आणि जुनी घरे पुष्कळ आहेत, पण पुस्तकांत फोटो छापून येतो तो माझाच. तोही पाठीकडून.

मला तोइवो केत्तुनेनने बांधले. तो गोदीत लाकडी बोटी बांधणारा सुतार होता. कामावरून सुटला की तो इथे यायचा आणि अंधार पडेपर्यंत रंधा मारायचा. असे तीन उन्हाळे गेले. घर कसे बांधतात हे त्याला नीट ठाऊक नव्हते, बोट कशी बांधतात हे मात्र पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने माझे छप्पर उलट्या घातलेल्या बोटीसारखे केले. ओकच्या फळ्या वाफेवर वाकवून त्याने एकेक फासळी बसवली. येणारेजाणारे हसत.

"काय तोइवो, पूर आला की घर पालथं करून निघणार का रे?"

"जागा हवी असेल तर आत्ताच नाव सांगून ठेव," तोइवो म्हणायचा.

त्याची बायको लेम्पी. तिने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती. स्वयंपाक करताना सरोवर दिसले पाहिजे. तोइवोने तिला त्या भिंतीत एक सोडून तीन खिडक्या करून दिल्या. सकाळी त्या तिन्ही खिडक्यांतून ऊन यायचे आणि चुलीपर्यंत पोहोचायचे.

त्यांना दोन मुली होत्या. थोरली सायमी आणि तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी एल्मा. एल्माला चालणे माहीत नव्हते. लोकरीचे मोजे घालून ती दारापासून चुलीपर्यंत माझ्या जमिनीवरून घसरत यायची आणि आईच्या परकराला धरून थांबायची. माझी जमीन गुळगुळीत झाली ती रंध्याने कमी आणि तिच्या मोज्यांनी जास्त.

एकोणीसशे सत्तावन्नच्या मार्च महिन्यातला शनिवार होता. लेम्पी वेलदोड्याच्या पावाची कणीक मळत होती. एल्माने बर्फावर घसरायचे बूट गळ्यात अडकवले.

"सायमीला घेऊन जा गं," लेम्पी म्हणाली.

सायमी माडीवर पुस्तक वाचत पडली होती. "हो पुढे, दहा मिनिटांत आले," ती वरूनच ओरडली.

एल्मा पुढे गेली. तिच्या डोक्यावर लाल टोपी होती. लेम्पीने खिडकीतून ती टोपी गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर पाहिली, मग कणीक उलटी केली, आणि परत वर पाहिले तेव्हा टोपी नव्हती. पांढऱ्या बर्फात एक काळा ठिपका होता. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त सांगता येत नाही.

त्यानंतर लेम्पी खिडकीपाशी उभी राहू लागली. सकाळी उठून ती पीठ काढायची, हात पिठात घालायची आणि बाहेर बघत राहायची. चूल पेटत नसे. तोइवो आणि सायमी पावावर लोणी लावून उभ्याने खायचे. एप्रिल गेला, बर्फ वितळले, सरोवर निळे झाले, तरी ती तशीच उभी.

मे महिन्यात तोइवोने गोदीतून रजा घेतली. देवदाराच्या लांबलचक फळ्या आणल्या आणि माझी सरोवराकडची सगळी भिंत बाहेरून मढवायला घेतली. खाली जमिनीपासून वर छपरापर्यंत, बोटीच्या अंगासारखी, फळीवर फळी चढवत. तिन्ही खिडक्या त्याखाली गेल्या. अकरा दिवस काम चालले. घरात कोणी कोणाशी बोलले नाही. शेवटची फळी लागली तेव्हा स्वयंपाकघरात अंधार झाला. लेम्पीने हात धुतले, पाठ फिरवली आणि चूल पेटवली. आतल्या बाजूने तोइवोने तिथे कपाट उभे केले.

तेव्हापासून माझी ती बाजू बधिर झाली. लाटा आपटतात ते मला लांबून ऐकू येते, पण लागत नाही.

तोइवोला वाईट काम करता येत नसे, अगदी तेव्हाही आले नाही. ती भिंत सुंदर झाली. चार वर्षांनी एक वास्तुविशारद बोटीतून चालला होता, त्याने ती पाहिली आणि तिथेच बोट थांबवली. एवढे मोठे सरोवर समोर असताना त्याच्याकडे एकही खिडकी नसलेले घर त्याने कधी पाहिले नव्हते. तो काठावर उतरला, फोटो काढले आणि तोइवोला विचारले, "या भिंतीतून तुम्हाला काय सांगायचं होतं?"

तोइवोने थोडा विचार केला. "पाणी आत येत नाही," तो म्हणाला.

ते वाक्य त्यांनी मासिकात मोठ्या अक्षरांत छापले. मग विद्यार्थी येऊ लागले. माझ्या पाठीमागे उभे राहून ते माना डोलवायचे. निसर्गाला दिलेले आव्हान, मौनाचे स्थापत्य, असे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले. समोर येऊन दार कोणी वाजवले नाही.

तोइवो एकोणीसशे एकोणऐंशीत गेला. लेम्पी एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये. सायमी राहिली. तिने अडतीस वर्षे गावच्या टपाल कचेरीत काम केले. लग्न केले नाही. तिला मी मोठ्याने हसताना ऐकले नाही आणि रडतानाही नाही. छपरात दोन ठिकाणी पाणी गळू लागले, तेव्हा तिने दोन बादल्या ठेवल्या आणि वर्षानुवर्षे त्या ओतत राहिली. तेव्हाही विद्यार्थी येतच होते, पाठीमागून फोटो काढून जातच होते.

तिच्याकडे रोज येणारी एकच व्यक्ती होती, शेजारची डोलोरेस वोइचिक. तिचा नवरा वारला होता आणि तोंड फार चालायचे. गेल्या वर्षी तीच एक अर्ज घेऊन आली. विद्यापीठातल्या प्राध्यापक थिया लिंडक्विस्ट यांनी मला वारसा वास्तू ठरवावे म्हणून गावच्या समितीकडे मागणी केली होती. त्यावर मालकिणीची सही हवी होती.

"करून टाक सही," डोलोरेस म्हणाली. "छपराला मदत मिळेल. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात छत्री उघडून झोपशील."

सायमीने सही केली. तिच्या दृष्टीने तो छपराचा प्रश्न होता.

ठरावाचा मसुदा आला तो पुढच्या एप्रिलमध्ये. तोवर सायमीच्या डोळ्यांचे दुखणे वाढले होते. कडेचे दिसायचे, मधले पुसल्यासारखे. डॉक्टरांनी सांगितले होते की वर्षभराने वाचता येणार नाही, माणसे ओळखू येणार नाहीत. म्हणून मसुदा डोलोरेसने वाचून दाखवला. सूप ढवळता ढवळता.

"'सरोवराकडील भिंत हे या घराचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असून तीत कोणताही बदल करण्यास अथवा खिडकी उघडण्यास कायमची मनाई राहील.' बघ बाई, तुझ्या भिंतीला राणीचा मान मिळाला."



"मला तिथे खिडकी हवीय," सायमी म्हणाली.

डोलोरेसचा चमचा थांबला. "आत्ता? सदुसष्ट वर्षांनी सुचलं तुला?"

"डोळे जायच्या आधी."

पंधरा दिवसांनी समितीचे लोक पाहणीला आले. चौघे होते. अध्यक्ष वेंडेल ब्रस, ज्यांचे पूर्वी गावात खिळे-स्क्रूचे दुकान होते. प्राध्यापक थिया. आणि दोन सभासद, जे कॉफी पीत बसले. वीस वर्षे माझ्यावर लिहिणाऱ्या थियाबाई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिले. तिथे कपाट होते, कपाटात बशा होत्या.

सायमीने सगळ्यांना कॉफी दिली आणि बसायच्या आधीच सांगितले, "मला या भिंतीत खिडकी उघडायची आहे. एकच."

थियाबाईंनी कप खाली ठेवला. "सायमी, रागावू नका, पण ती भिंत म्हणजेच हे घर आहे. खिडकी पाडली तर जपायचं काय? तुमच्या वडिलांनी केवढ्या धाडसानं सरोवराला नकार दिला!"

"नकार?" सायमी म्हणाली. "माझी बहीण बुडली. आईला ते इथून दिसलं. आई या खिडकीपासून हलेना, म्हणून बाबांनी खिडकी बुजवली. चूल पेटावी म्हणून. दुसरं काही नाही."

दोन सभासदांनी कॉफी पिणे थांबवले. डोलोरेस दारात उभी होती. तिची तीस वर्षांची मैत्री, पण तिनेही हे पहिल्यांदाच ऐकले.

सायमी तशाच सपाट आवाजात पुढे बोलत राहिली. "मी तिच्याबरोबर जाणार होते. दहा मिनिटांत येते म्हणाले आणि पुस्तक संपवत बसले. आईनं मला कधी विचारलं नाही, तू कुठे होतीस म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सदतीस वर्षं मी तिच्यासमोर जेवले. आता मला एकदा आईच्या जागी उभं राहून बघायचंय. त्यानंतर डोळे गेले तरी चालतील."

थियाबाईंच्या हातात त्यांचे स्वतःचे पुस्तक होते. त्यांनी ते पिशवीत ठेवले. 

"मी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं झाली. एकदाही विचारलं नाही."

"नियम मात्र आहे तसा आहे," वेंडेल हळूच म्हणाले. "दर्जा द्यायचा तर भिंत आहे तशी राहिली पाहिजे. आणि दर्जा नाही दिला तर छपराला मदत नाही." मग ते उठले. "मी जरा बाहेरून बघून येतो."

ते माझ्या पाठीमागे आले. म्हातारा माणूस, गुडघे दुखणारे, पण हात दुकानदाराचे. त्यांनी फळ्यांवरून बोटे फिरवली. मला ती बोटे फार लांबून जाणवली. जिथे तांब्याचे रिवेट, म्हणजे एकदा ठोकले की न निघणारे खिळे, होते तिथे ते थांबले नाहीत. स्वयंपाकघराच्या बुजवलेल्या खिडक्यांवर आल्यावर थांबले. तिथे लाकडाच्या छोट्या गोल बुचांनी काहीतरी झाकले होते. त्यांनी खिशातल्या चाकूने एक बूच उचकटले आणि मोठ्याने हाक मारली.

"सगळे इकडे या!"

सगळे आले. सायमी डोलोरेसच्या दंडाला धरून आली.

"हे बघा. सगळी भिंत रिवेटनं ठोकलीय, जन्माची. पण खिडक्यांवरच्या फळ्यांना पितळी स्क्रू आहेत. एकाही फळीला रिवेट नाही. आणि वरून बुचं मारलीत, पाणी लागू नये, कुणाला दिसू नयेत म्हणून." वेंडेलनी सायमीकडे पाहिले. "चाळीस वर्षं मी हेच विकलं, सायमी. ज्याला कायमचं बंद करायचंय तो माणूस स्क्रू लावत नाही."

मला ते स्क्रू माहीत होते, मित्रांनो. तोइवोने ते पिळले तेव्हा मी तिथेच होते. पण घराला सांगता येत नाही. कोणीतरी यावे आणि हात लावून पाहावे, एवढीच वाट ते बघू शकते.

सायमीने एका स्क्रूच्या खाचेवर अंगठा ठेवला. "बाबांनी मलाही नाही सांगितलं," ती म्हणाली. एवढेच.

ठराव थियाबाईंनीच पुन्हा लिहिला. फळ्या काढता येतात आणि परत लावता येतात, मूळ कारागिरानेच तशी सोय केली आहे, तेव्हा राहत्या मालकिणीला हवे तितके दिवस त्या काढून ठेवता येतील, असे त्यांनी त्यात घातले. आपल्या पुस्तकातले माझे प्रकरण चुकीचे आहे, असे पत्रही त्यांनी मासिकाला पाठवले. समितीत सगळी मते बाजूने पडली. मी वारसा वास्तू झाले. छपराची गळती उन्हाळा सुरू होताच बुजवली गेली.

जून महिन्यात एका सकाळी वेंडेलनी मधल्या खिडकीवरच्या सात फळ्या उतरवल्या. प्रत्येकीवर आकडा घातला आणि पडवीत रचून ठेवल्या. आतून कपाट सरकवले. काच शाबूत होती. सायमी चुलीकडून चालत आली आणि आई उभी राहायची तिथे उभी राहिली. मधले दिसत नसल्याने तिला मान थोडी वळवून बघावे लागत होते. डोलोरेसने रुमाल हातात तयार ठेवला होता.

बराच वेळ गेला.

"काय वाटतंय गं?" डोलोरेसने विचारले.

"काही नाही," सायमी म्हणाली. "मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. पाणी आहे. नुसतं पाणी."

"मग बंद करायची का परत?"

"नको. राहू दे. उजेड बरा आहे."

तिने खुर्ची ओढली आणि तिथेच बसून बटाटे सोलले. मलाही वाटले होते की फळ्या निघताच माझी ती बाजू जागी होईल. तसे झाले नाही. काचेपाशी थोडे गार लागले, बस्. पण दुसऱ्या दिवशीही लागले. आता रोज सकाळी लागते.

ऑगस्टमध्ये माझ्या दाराशेजारी पितळी पाटी बसवली. तिच्यावर साठ शब्दच मावतात. छप्पर, फासळ्या, भिंत, कारागिराचे नाव, यांत साठ पुरे झाले होते. सायमी समितीला म्हणाली की तिला एक ओळ हवी आहे. वेंडेलनी छपराविषयीचे वाक्य खोडले. त्या जागी आता लिहिले आहे, 'एल्मा केत्तुनेन, वय नऊ, या घरात राहत होती.'

मित्रांनो, जुनी घरे जपा, हे मी सांगायला हवेच. छपरे गळू देऊ नका, लाकडाला तेल द्या. पण आत राहणाऱ्या माणसालाही जपा. एखाद्या घराची बंद भिंत तुम्हाला फार आवडली, तर लगेच तिचे कौतुक लिहायला घेऊ नका. आधी समोरून या, बूट झाडा, आणि आत कोणी असेल तर त्यांच्यापाशी थोडा वेळ बसा. ते लगेच बोलतील असे नाही. तरी बसा.