मुबिसी

कोयता नकिमेराच्या कानाजवळून गेला आणि मागच्या चौकटीत रुतून बसला. ती जागची हलली नाही. हललं की दुसरी वस्तू येते, हे तिला अकरा वर्षांच्या संसारात पक्कं कळलं होतं.

"बाराशेचे एकोणीसशे झाले," कसीर्ये हातातला रक्ततपासणीचा कागद नाचवत म्हणाला. "मला जेवायला कोण वाढतं? तूच ना?"

आणि त्याने कमरेचा पट्टा सोडला.

मसाका शहराच्या बाजारात डुकराचं मांस भाजून विकणारा हा आडदांड गडी तीन महिन्यांपूर्वी पोट धरून दुकानातच लोळला होता. दवाखान्यात काढलेलं त्याचं रक्त नळीत थोडा वेळ उभं राहिलं आणि त्यावर सायीसारखा पांढरा थर आला. सिस्टर अतीमने ती नळी त्याला दाखवली, तिथेच चुकलं. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी असते, ती पथ्याने उतरते, असं ती बिचारी समजावत बसली. ह्याने घरी येऊन बायकोचं एकेक मडकं हुंगलं, उंबऱ्याखालची माती उकरली आणि करणीची पुडी सापडली नाही म्हणून तिचा दात पाडला.

दात गेला तरी पथ्य तिनेच सांभाळलं. बिअर बंद, बाटलीतलं गोड पाणी बंद, तळण बंद. उकडलेली केळी अर्ध्यावर आणली, सोबत घेवडा आणि तळ्यातली मासळी. मारणाऱ्याला जगवतेस कशाला, असं शेजारणी विचारायच्या. तो गेला तर घर दिराच्या घशात जाईल आणि तीन पोरं रस्त्यावर येतील, एवढंच ती सांगायची. ते खोटं नव्हतं. पण तो मरावा असं तिला वाटतच नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

पट्ट्याच्या बकलाने भुवई फाटली, तेव्हा ती फडकं दाबून दवाखान्यात गेली. सिस्टर अतीमने काही न विचारता टाके घातले. मग म्हणाली,

"पथ्य पाळतो म्हणतेस, मग आकडा चढला कसा? पितो काय?"

"काहीच नाही हो. नुसता मुबिसी. सासूबाई दर आठवड्याला गावाहून डबा आणतात. दारूचा थेंब नसतो त्यात."

"रोज किती?"

"तीन तुंबे. मीच भरून देते."

सिस्टरने कात्री खाली ठेवली.

"अगं, पिकलेली केळी तुडवून काढलेला रस तो. साखरच की नुसती. यकृत त्याचीच चरबी करून रक्तात सोडतं. पोटातली ग्रंथी सुजली तर धडधाकट माणूस दोन दिवसांत जातो. आजपासून एक घोट द्यायचा नाही." मग तिने भुवईकडे पाहिलं. "आणि ह्याची तक्रार?"

"तक्रार ऐकणारे वस्तीचे चेअरमन आमच्याच दुकानात फुकट खातात, सिस्टर."

ती घरी पोचली तेव्हा सासू, नालुबोवा, नवा डबा घेऊन चटईवर बसली होती. कसीर्येने तुंबा पुढे केला. नकिमेरा रीतीप्रमाणे त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, पण डब्याला तिने हात लावला नाही. तिला फार भीती वाटत होती.

"अहो, हे पिऊ नका. सिस्टर म्हणाल्या, ह्यानेच चढलंय. जिवाला धोका आहे."

नालुबोवाने कपाळाला हात लावला. "ऐकलंस? मी ह्याच्यावर लेकराला वाढवलं. त्याचा आजा म्हातारा होईस्तोवर हेच पीत होता. आता माझ्या हातचं विष झालं होय!"

"आई, तसं नाही. त्यांचं रक्तच..."

लाथ बरगडीत बसली. काहीतरी आत मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. दुसरी लाथ त्याच जागी बसली. श्वास घेता येईना, तरी तिने त्याचा पाय धरला.

"मरून जाल हो तुम्ही."

"बघ आई, ही मला मरणाचा शाप देते." त्याने तिचे केस धरून तिला सरळ केलं आणि टाके घातलेल्या भुवईवर ठोसा मारला. "पुन्हा हा शब्द काढलास तर चौकटीतला कोयता काढीन. ओत."

दारात धाकटी उभी होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि ती बापाकडे नाही, कोयत्याकडे बघत होती.

नकिमेराने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यातलं रक्त पुसलं, पुन्हा गुडघे नीट टेकले आणि डबा दोन्ही हातांनी उचलला. रस घट्ट होता, पिवळसर, वर फेस. तिने तुंबा काठोकाठ भरला.

त्याने तो एका दमात रिकामा केला आणि समाधानाने तोंड पुसलं.

"आता कशी वळणावर आली," नालुबोवा म्हणाली.

नकिमेरा उठली नाही. त्याने तुंबा खाली ठेवायच्या आत, न सांगता, तिने तो पुन्हा भरला.