ऑफिसची लिंबूटिंबू

“आई, लोक तुमचा गेम चांगला आहे म्हणून खेळतात, की फुकट आहे म्हणून?”

प्रश्न खरा मैत्रिणींचा. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्यांनी मधल्या सुट्टीत डिवचलं होतं, आणि हल्ली भिंगरीला कोणी हिंमतीवरून डिवचलं की ती थांबतच नसे. पण वेळ तिने अगदी नेमकी निवडली होती. आई लॅपटॉपसमोर बसली होती, चहावर साय धरली होती आणि त्याच दुपारी समीक्षकांची मतं यायची होती.

“तेच तर आता कळणार आहे,” आई म्हणाली.

गेम असा, की दोन गटांनी रिंगणात उतरायचं आणि एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. ती रिंगणं आई बनवायची. भिंत कुठे, आडोसा कुठे, उडी कुठून मारायची, सगळं तिच्या डोक्यातलं. कंपनीने स्पष्टच सांगितलं होतं, की मतं वाईट आली तर गेम बंद आणि आईची टीम पांगणार. त्यामुळे बाबाही शर्टाच्या एकाच बाहीवर केव्हाचे इस्त्री फिरवत होते.

पहिलं मत आलं. पैसे भरून फक्त टोपीचा रंग बदलता येतो, बंदुकीचा जोर नाही, म्हणून गेम प्रामाणिक आहे, असं त्यात होतं. दुसऱ्याने रिंगणांचं कौतुक केलं होतं. ते आईने बाबांना मोठ्याने वाचायला लावलं. तिसरं मत ‘खडूस मास्तरां’चं. सगळ्यांना नापास करतात म्हणून ऑफिसनेच त्यांना हे नाव दिलं होतं, आणि कंपनी मोजणार होती ते त्यांचंच मत.

मास्तरांनी सुरुवात बरी केली होती. मग लिहिलं होतं, ‘या लोकांनी नवखा माणूस बहुतेक पाहिलेलाच नाही. मी कुठे आहे हे कळायच्या आत मेलो. उठलो, पुन्हा मेलो.’

आईने लॅपटॉप अर्धवट मिटला. “असं कसं होईल? प्रत्येक रिंगण आधी आपली लिंबूटिंबू खेळते की.”

लिंबूटिंबू म्हणजे भिंगरी. ऑफिसातली माणसं खेळून खेळून इतकी मुरलेली, की त्यांना काहीच अवघड वाटेना. म्हणून ज्याला काही येत नाही अशा कोणाला तरी आधी चाचणीच्या खुर्चीत बसवायचं ठरलं. तेव्हा भिंगरी पाचवीत होती. ती भिंतींवर आपटायची, छतावर गोळ्या झाडायची. ती थोडा वेळ जरी टिकली, तरी रिंगण पास. आता ती दहावीत होती आणि लिंबूटिंबू तीच होती. यात काही चुकतंय हे ऑफिसात कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिच्या मात्र आलं होतं. पण बोललं की खुर्ची जाणार, नवं रिंगण सगळ्यांत आधी बघायचा मान जाणार. आता आईचा चेहरा बघून तिला गप्प बसवेना.

“आई, मी लिंबूटिंबू राहिलेच नाहीये गं. गेममध्ये खोटं नाव घेऊन मी तुमच्या अख्ख्या ऑफिसला धूळ चारलीये. तुमच्या त्या दाढीवाल्या काकांनासुद्धा.”

इस्त्री थांबली. आई जी हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत.

“म्हणजे माझी रिंगणं ठीक आहेत! मला वाटलं, सगळी पाडून पुन्हा बांधावी लागणार. अगं, मास्तरांसारख्या नवख्याची गाठ तुझ्यासारख्या मुरलेल्यांशी पडते, म्हणून तो मरतो. नवख्यांची गाठ नवख्यांशीच घालून द्यायची, झालं. त्याला कितीसा वेळ लागतो?”

भिंगरीने लॅपटॉप ओढून मास्तरांचं उरलेलं मत वाचलं. एवढं सुधारलं तर आपण हा गेम रोज खेळू, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. ती ते वाचत असतानाच आईच्या साहेबांचा फोन आला. आई नुसतं “हो, हो” म्हणत राहिली, पण तिचे ताठलेले खांदे सैल झाले आणि दोघांनाही कळलं, की गेम चालू राहणार. बाबा इस्त्री बंद करून मटकन खुर्चीत बसले. आईने तो गार चहा सायीसकट एका घोटात संपवला आणि छान झालाय म्हणाली.

“पण आता नवी लिंबूटिंबू आणायची कुठून?” तिने विचारलं.

भिंगरी दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“मी आज राजीनामा देतेय. खुर्ची बाबांना द्या, त्यांना अजून टीव्हीचा रिमोट जमत नाही. आणि मी यंदा तुमच्या गेमच्या स्पर्धेत उतरणार आहे, माझ्या खऱ्या नावाने.”