उत्तर न देणाऱ्यांचं मत

उद्घाटक उशिरा आले. उशिरा आलेला माणूस निदान थोडक्यात आटोपतो अशी कुणाची समजूत असेल, तर ती त्यांनी पार खोडून काढली. परिषद होती निवडणुका आणि लोकमत या विषयावर, आणि समोर बसलेल्यांचं मत काय आहे हे एकट्या त्यांनाच कळत नव्हतं. मागच्या रांगेतले दोघे तर उघड उघड झोपले होते. मी पहिल्या रांगेत. गळ्यात नावाची पट्टी, मांडीवर माझा निबंध आणि निबंधाखाली लपवलेला मोबाइल.

मोबाइलला रेंज नव्हती. सभागृह तळघरात. खुर्च्या मऊ, गालिचा जाड, थंडगार हवा, आणि बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध नाही. लोकमताची चर्चा करायला जागा अगदी हुडकून काढली होती. आणि मला बारा वाजायच्या आत दादाला उत्तर कळवायचं होतं.

प्रश्न आप्पांचा होता. आप्पा म्हणजे आमचे वडील. जन्मभर शिवणकाम केलं, आता गुडघे गेलेत, हात थरथरतात. आई गेल्यापासून ते दादाकडे असतात. मध्यंतरी न्हाणीघरात दोनदा पडले. वहिनीची पाठ कायमची धरलेली, दादाची नोकरी फिरतीची. गावाबाहेर एक बऱ्यापैकी वृद्धाश्रम आहे, तिथली एक खोली रिकामी झाली होती. दुपारी बारापर्यंत होकार दिला नाही, तर ती पुढच्या नंबराला जाणार होती. दादानं आदल्या संध्याकाळी आम्हा भावंडांच्या ग्रुपवर मतदान टाकलं. ‘आप्पांना तिकडे ठेवायचं का? हो / नाही.’ दादाचं हो आलं. ताईचं नाही आलं. ताई साता समुद्रांपलीकडे असते. तिथून नाही म्हणायला तिचं काय जातं? राहिले मी.

आमच्याकडे सगळं असं मतदानानंच ठरतं, आणि ही खोड मीच लावली. पीएचडी करत होते तेव्हा घरचे लोक मला फुकटात मिळालेले मतदार वाटायचे. पडद्यांचा रंग कुठला, लग्नात कुणाला काय द्यायचं, सगळ्यावर मत घ्यायचे. ताई कधी वेळेवर उत्तर द्यायची नाही, म्हणून मी एक नियम करून टाकला: जो उत्तर देत नाही, त्याचं मत त्याच्याशी सगळ्यांत जास्त जुळणाऱ्या माणसासारखं धरायचं. ताईचं आम्ही आईसारखं धरायचो, आणि गंमत म्हणजे ते बरोबर निघायचं. आई म्हणायची, “पोरीचं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही हो.”

आता माझं उत्तर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मला आप्पांना माझ्याकडे आणायचं होतं. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, एकटी आहे, दिवसभर कॉलेजात असते; म्हणून शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरचं एक घरही पाहून आले होते. कुणाला बोलले नव्हते. आधी आप्पांना विचारायचं होतं, तेही समोर बसून, ग्रुपवर नाही. हे सगळं सकाळी चार ओळींत लिहिता आलं असतं. त्याऐवजी मी काय लिहावं? ‘दादा, प्रश्नच चुकीचा आहे. दोनच पर्याय दिलेस, आणि विचारण्याची पद्धत अशी की उत्तर आधीच ठरल्यासारखं वाटतं.’ घर जळत असताना बंब कुठल्या रंगाचा आहे ते बघणारी बाई मी.

दादाचं उत्तर आलं, ‘बाईसाहेब, पेपर तपासू नका. उत्तर द्या.’

‘चहाच्या सुट्टीत फोन करते,’ असं मी लिहिलं. चहाची सुट्टी उद्घाटकांनी गिळली.

भाषण संपल्या संपल्या आमचं सत्र सुरू झालं. अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ध्वनियंत्रणेवाल्यानं व्यासपीठावर चढणाऱ्यांचे मोबाइल मागून घेतले. “मोबाइलमुळे माइक खरखरतो, मॅडम,” असं म्हणून त्यानं माझाही घेतला आणि त्याच्या टेबलावर ओळीत मांडून ठेवला. मी गुरुजींच्या कानाशी लागले.

“सर, मला दोन मिनिटं बाहेर जाऊन यायचंय. घरी फोन करायचाय.”

“आत्ता? अहो, तुमच्याचसाठी तर लोक थांबलेत. हे पहिले वक्ते झाले की तुम्हीच.”

तरीही उठता आलं असतं. दोन पायांवर चालत जिना चढायचा, एवढंच होतं. पण मी बसले. एक तर हा निबंध स्वीकारला जावा म्हणून मी फार खटपट केली होती. आणि दुसरं म्हणजे मला खात्री होती, माझ्या उत्तरावाचून दादा काही करणार नाही. उत्तर नाही म्हणजे निर्णय नाही, असं मी धरून चालले. मी, जिनं जन्मभर नेमकं याच्या उलटं शिकवलं.

पहिले वक्ते मतदानोत्तर चाचण्यांवर बोलत होते. गुरुजींनी घंटी वाजवली की ते मान लववून “आभारी आहे” म्हणायचे आणि पुढे चालू. पालथ्या घड्यावर पाणी. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी व्यासपीठावरून त्या काट्याकडे बघत होते आणि चेहरा असा ठेवला होता की जणू आकडेवारीनं भारावून गेले आहे. ध्वनियंत्रणेवाल्याच्या टेबलावर माझा मोबाइल पालथा पडला होता, आणि हातात असता तरी तळघरात त्यावर कुणाचा फोन येणार होता?

शेवटी माझी पाळी आली.

माझा निबंध होता उत्तर न देणाऱ्या लोकांवर. सर्वेक्षणाला माणूस दारात येतो, विचारतो, कुणाला मत देणार? काही लोक सांगत नाहीत. त्यांना सोडून दिलं तर अंदाज कोसळतो. मग मी काय करते, तर वय, शिक्षण, कामधंदा, राहणीमान यांत त्यांच्याशी जुळणारा माणूस शोधते आणि त्याचं मत ह्यांच्या नावावर धरते. सुरुवात मी नेहमी आप्पांपासून करते. लहानपणी त्यांच्या दुकानात असाच एक सर्वेक्षणवाला आला होता. आप्पा तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते. टाचण्या काढून ते म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आप्पांनी कुणाला मत दिलं ते आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला कळावं, म्हणून खरं तर मी या विषयात आले. सभागृहात हे सांगितलं की लोक हसतात, आणि मग आकडे गोड लागतात.

त्या दिवशीही हसले. माझे तक्ते पटापट सरकले, टाळ्या झाल्या. मग प्रश्न. पहिल्या गृहस्थांचा नेहमीप्रमाणे प्रश्न नव्हता, ‘छोटीशी टिप्पणी’ होती, आणि ती छोटीशी नव्हती. मग एक विद्यार्थिनी उभी राहिली.

“मॅडम, ज्यांचं मत तुम्ही असं धरलंत, त्यांना नंतर कधी विचारून पाहिलंत का?”

“विचारून त्यांनी सांगितलं असतं,” मी म्हटलं, “तर माझी पद्धत कशाला लागली असती?”

सभागृह खदखदून हसलं. गुरुजी तर टेबलावर हात आपटून हसले. मीही हसले. हसता हसता घड्याळाकडे नजर गेली. बारा वाजून गेले होते.

पुढचे वक्ते संपेपर्यंत मी तिथेच बसून होते. ते काय बोलले ते देव जाणे. सत्र संपल्याबरोबर मोबाइल उचलला आणि जिन्यानं वर पळाले. वर दारापाशी चहाचे कप मांडलेले, लोक कार्डं वाटतायत. कुणीतरी “फारच छान झालं” म्हणून हात पुढे केला, तो मी तसाच हवेत ठेवला. फुटपाथवर आल्यावर मोबाइलनं एकदाचा श्वास घेतला. दादाचे फोन येऊन गेले होते. मग एक निरोप:

‘वाट पाहिली. तुझा फोन लागत नाही. तुझ्याच नियमानं तुझं मत माझ्यासारखं धरलं. हो कळवलं त्यांना. बरोबर ना?’

शेवटी तो प्रश्न होता, तो मला जास्त लागला. दादानं खोडसाळपणा केला नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी फोन लावला. “दादा, अरे तो नियम पडद्यांच्या रंगासाठी होता!”

“मग तसं सांगायचंस ना. तू तर त्यावर भाषणं देत हिंडतेस.”

“आणि तुझ्यासारखं का धरलंस? ताईसारखं का नाही?”

“ताईशी तुझं कधी पटलंय? आपण दोघंच इथे आहोत. दोघंही नोकरीत बुडालेले, दोघंही आप्पांना वेळ देऊ शकत नाही म्हणून झुरणारे. आणखी काय जुळायला हवं? मला काय हौस आहे का गं?”

त्याचं म्हणणं खोडता येईना. मी असते तर मीही असंच जुळवलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, “त्यांना नाही म्हणून कळव. आप्पांना मी नेते. घर बघून ठेवलंय मी.”

तो म्हणाला, “हे काल का नाही बोललीस?” आणि मग, “कळवीन की. पण आधी आप्पांशी बोल. ते बॅग भरतायत.”

फोन आप्पांकडे गेला.

“छोटे, झालं का भाषण?”

“झालं. आप्पा, ऐका. मी हो म्हटलं नव्हतं.”

“असू दे गं.”

“असू दे काय? खरंच नव्हतं म्हटलं. मला तुम्हाला माझ्याकडे आणायचंय.”

“तिसरा मजला तुझा.”

“शेजारी तळमजल्यावर घर बघितलंय. तुमची खुर्ची खिडकीशी मावेल.”

“कधी बघितलंस?”

“गेल्या आठवड्यात.”

“मग बोलली नाहीस.” त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. “दादानं सांगितलं, तिघांत दोन मतं ‘हो’ पडली. मी विचारलं, दुसरं कुणाचं? म्हणाला, छोटीचं. मग म्हटलं, छोटी म्हणते आहे तर बरोबरच असेल. तोवर मी काही ठरवलं नव्हतं.”

मी भिंतीला टेकले. “आप्पा, मी शपथेवर सांगते...”

“वाईट वाटून घेऊ नकोस. माणूस मागाहून हळहळतोच. कापड कापून झालं की गिऱ्हाईकसुद्धा म्हणायचं, जरा सैल ठेवायला हवं होतं. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. आता माझ्या समाधानासाठी हे घराबिराचं काढू नकोस.”

“समाधानासाठी नाही हो! घर आहे. चला, आजच दाखवते.”

“बरं, बरं,” ते म्हणाले. लहानपणी मी ताप नाही म्हणून सांगायचे, तेव्हा असंच बरं बरं म्हणून कपाळावर हात ठेवायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता, आणि तो बसावा असं माझ्याकडे काही नव्हतं. जे मत मी दिलंच नाही ते त्यांना माझं वाटत होतं, आणि जे खरोखर माझं होतं ते पश्चात्ताप.

“माझं राहू दे,” मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. “तुम्हाला काय हवंय ते सांगा. फक्त तुम्हाला. एकदाच सांगा, आप्पा.”

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ती मध्येच अडकली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा ओढली.

“तुम्ही म्हणाल तसं,” आप्पा म्हणाले.

मागून चहाच्या कपांचा आवाज येत होता, कुणीतरी मला आत बोलावत होतं. आप्पांनी थोडी वाट पाहिली आणि मग, मला बरं वाटावं म्हणून विचारलं,

“लोकांना पटलं का गं तुझं म्हणणं?”

“हो,” मी म्हटलं. “सगळ्यांना पटलं.”