परिशिष्टातली सासू

"सिद्धान्त आम्ही बघतो, तू तुझा अनुभव सांग," बॉबकटवाली म्हणाली आणि तिने कागदावर हिच्या नावापुढे 'अनुभव' असं लिहूनही टाकलं.

वर्गातल्या सादरीकरणासाठी केलेल्या चौघांच्या गटात ही सगळ्यांत मोठी, बेचाळीस वर्षांची. सोळा वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर शिष्यवृत्ती मिळवून या परक्या देशातल्या विद्यापीठात आली होती. विषय लिंगभाव, वंश आणि अस्मिता. इथला नियम असा की ज्याचा अनुभव, त्याने आधी बोलायचं. नियम चांगलाच होता. पण बाकीच्यांना मतं असायची आणि हिने मत मांडलं तरी त्याचा अनुभव व्हायचा.

आता गटाला हवं होतं ते असं, की नवऱ्याने तिला इकडे येऊ कसं दिलं. तिने खरं ते सांगितलं. बॅग त्यानेच भरली, अतिशय वाईट भरली, दोन्ही स्वेटर घरीच राहिले. बॉबकटवालीचा चेहरा पडला. भांडण वगैरे काहीच झालं नाही का, असं तिने हळूच विचारून पाहिलं.

घरचेही काही कमी नव्हते. बाई म्हणजे काय हे शिकायला इतक्या लांब कशाला जायला हवं होतं, असं नणंद दर रविवारी फोनवर विचारायची. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, नर्सिंगचाच पुढचा कोर्स आहे. का, तर खरं समजावून सांगेपर्यंत त्याचा चहा गार होतो.

सादरीकरणात तिला एकच गोष्ट म्हणायची होती. नेमलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की तिच्याकडच्या बायका बाळंतपणाच्या कळांबद्दल बोलत नाहीत, मौन ही त्यांची संस्कृती आहे. या मौनाने सोळा वर्षं तिचे कान किटले होते. वॉर्डात कळा देताना नवऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. मग तिने शब्दकोश शेजारी घेऊन पुस्तक पार शेवटपर्यंत वाचलं, आणि परिशिष्टात, पान दोनशे अकरावर, तिला ते सापडलं. प्रत्येक मुलाखतीला घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं होतं. बहुतेक ठिकाणी सासू.

आठ मिनिटं मिळाली होती, तिने पाचातच सांगून टाकलं. सासू शेजारी बसलेली असताना सून काय बोलणार? त्या गप्प बसण्याला संस्कृती म्हणायच्या आधी सासूला बाहेर पाठवून पाहायला हवं होतं.

प्राध्यापक बाईंनी हात छातीशी नेला. "किती आतून बोललीस. तुझी गोष्ट आम्हाला सांगितलीस, खूप आभार."

"माझी नाही, बाई. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. हे पान दोनशे अकरावर आहे."

सगळे कौतुकाने हसले. पुस्तक कुणी उघडलं नाही.

आठवड्याने शेरा आला. अनुभवकथन उत्कृष्ट, विश्लेषणाला वाव. गुण भरपूर. बॉबकटवालीने तिला मिठीच मारली.

ही तशीच बाईंच्या खोलीत गेली. बाईंना कळेना, तक्रार नेमकी कशाची. गुण वाढवून हवेत का? नको. कुणी काही बोललं का? नाही.

"मग हवंय तरी काय तुला?" बाई थकून म्हणाल्या.

"तुम्ही ते पान वाचा. माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणा."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि कपाटातून आपली प्रत काढली. पुढची पानं खुणांनी भरलेली होती, परिशिष्टाची एकमेकांना चिकटलेली. नखाने सोडवावी लागली. तेवढ्यात दारावर टकटक झाली, पुढच्या विद्यार्थ्याची वेळ झाली होती. ही जागची हलली नाही.

"दहा मिनिटं थांब," बाई दाराकडे न बघताच म्हणाल्या, आणि वाचू लागल्या. पानाच्या मध्यावर त्या थबकल्या, पुन्हा वरच्या ओळीवर गेल्या. नजर न उचलता त्यांचा हात टेबलावर पेन्सिल चाचपू लागला. हिने ती उचलून त्यांच्या बोटांशी सरकवली.