अकरा बेचाळीस ते अकरा सत्तेचाळीस

सर मिनिटाला साधारण एकशेदहा शब्द बोलत. मी सत्तर टाइप करत असे. म्हणजे दर मिनिटाला चाळीस शब्द माझ्या हातून गळत, आणि कोणते गाळायचे ते मी ठरवत असे.

भिंगरी माझी मावसबहीण, माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. लहानपणी ती एका जागी बसायची नाही, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. सतराव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. तीन आठवड्यांनी ती घरी आली तेव्हा ताप गेला होता आणि त्याच्याबरोबर दोन्ही कानही. यंत्र बसवून पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. बोलणं शाबूत राहिलं, फक्त आवाज वाढला. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो किती ठेवावा याचा तिला अंदाज येत नसे. रिक्षात बसून ती मला गुपित सांगायची आणि रिक्षावाला मागे वळून बघायचा.

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही दोघींनी एकदमच प्रवेश घेतला. मावशी म्हणाली, "तू आहेस ना बरोबर, मग मला घोर नाही." पहिल्या बाकावर आमची जागा ठरलेली होती. माझ्या पुढ्यात लॅपटॉप, भिंगरीच्या पुढ्यात टॅब. मी टाइप केलेली ओळ त्याच क्षणी तिच्या टॅबवर उमटे आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला वेळ पडे. सुरुवातीला माझ्या बटणांची खडखड ऐकून मागचे वैतागत, म्हणून मी मऊ बटणांचा वेगळा कीबोर्ड घेतला. नेहमी लागणाऱ्या शब्दांना दोन-दोन अक्षरांची टोपणनावं दिली. 'ऊग' टाइप केलं की 'ऊष्मागतिकी' उमटायचं. तरीही सत्तरच्या पुढे मला कधी जाता आलं नाही.

आधी मी सरांचं खोकणं गाळलं, मग 'बरं का' आणि 'लक्षात येतंय का'. मग फळ्याकडे तोंड करून ते स्वतःशी पुटपुटत ते गाळलं. त्यात काही चूक नव्हती, परीक्षेला ते लागत नव्हतं. पण पहिल्याच वर्षी कधीतरी मागच्या बाकावरून कोणीतरी भिंगरीच्या आवाजाची नक्कल केली आणि मी तीही गाळली. बोटांना जड गेलं नाही. त्यानंतर मला त्यासाठी विचारही करावा लागला नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी भिंगरीला सरांची कमी तापमानाची प्रयोगशाळा हवी होती. दुसरं काहीच नको होतं. तिथल्या तंत्रज्ञ काकांशी तिने केव्हाच मैत्री केली होती. काका कागदावर लिहून तिच्याशी बोलत. एकदा त्यांनी तिला जाड हातमोजे घालून द्रव नायट्रोजन ओतू दिला. धूर तिच्या कोपरापर्यंत आला होता. परतताना ती जिन्यातच ओरडली, "अगं, इथे ऐकायचं काहीच नाही! सगळं काट्यांवर आणि आकड्यांवर बघायचं. ही लॅब माझ्यासाठीच बांधलीय." वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी डोकावून गेल्या.

त्या सोमवारी तास संपत आला होता. सरांनी खडू ठेवला आणि हात झटकले.

"प्रोजेक्टचं बोलू. माझ्याकडे दोन जागा आहेत. तिथे द्रव नायट्रोजन असतो, हे तुम्हाला माहीत आहे."

एवढं मी टाइप केलं.

"गळती झाली की खोलीतला ऑक्सिजन कमी होतो. आपल्याला काही कळत नाही, वासही येत नाही. अलार्म वाजतो, आणि बाहेर पडायला दोनेक मिनिटं मिळतात. आता अलार्म ऐकायला कान लागतात." ते आमच्या बाकाकडे बघत होते.

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, पण ती एकदा ओरडली की सगळी बिल्डिंग रिकामी होईल."

सर हसले. "तिच्या आवाजानं आधी नायट्रोजनच उकळायचा."

सगळा वर्ग हसला. भिंगरीने मान वर करून मागे पाहिलं, मग टॅबकडे, मग माझ्याकडे. "काय झालं गं?" तिने विचारलं, अर्थात तिच्या आवाजात. त्यावर पुन्हा हशा झाला. माझी बोटं बटणांवर टेकलेली होती. मी बटणांकडेच बघत होते.

"बरं, गंमत सोडा," सर म्हणाले. "तिला यायचंच असेल तर माझी ना नाही. दिव्याच्या अलार्मची सोय, सुरक्षा विभागाचं पत्र आणि सतत बरोबर राहील असा जोडीदार, एवढं घेऊन गुरुवारी पाचच्या आत मला भेटा. पुन्हा सांगणार नाही." मग ते माझ्याकडे वळले. "पोचवलंस ना तिला?"

मी मान हलवली आणि टाइप केलं, 'सर प्रयोगशाळेच्या नियमांबद्दल बोलत आहेत.'

गुरुवारचं वाक्य मी ऐकलं होतं. पण त्याच्या आधीचं वगळून तेवढंच कसं लिहायचं ते मला सुचलं नाही. दिव्याचा अलार्म का, असं तिने लगेच विचारलं असतं. संध्याकाळी नीट सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी ती आमच्या वसतिगृहाच्या खोलीत अर्जाचा मसुदा घेऊन बसली होती आणि खुशीत होती. मंगळवारी मावशीचा फोन आला. स्क्रीनवर मायलेकी एकमेकींना हातवारे करून चिडवत होत्या, तेव्हाही माझ्याच्याने बोलवलं नाही. बुधवारी मी स्वतः सुरक्षा विभागात जाऊन आले. पत्राला अर्जदाराची सही लागेल म्हणाले. गुरुवारी पाच वाजता मी ग्रंथालयात बसून होते. पाचाचे सव्वापाच झाले. तेव्हा वाटलं, सर एवढे कडक नसतात.

पुढच्या सोमवारी यादी लागली. सरांच्या दोन्ही जागांपुढे दुसरीच नावं होती. भिंगरीच्या नावापुढे संगणकावरचा प्रोजेक्ट होता. ती एकटीच सरांच्या केबिनमध्ये गेली आणि कागदाचा चिटोरा घेऊन बाहेर आली. त्यावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वर्गात सर्वांसमक्ष सांगितले होते. गुरुवारपर्यंत वाट पाहिली. आपण आला नाहीत, त्यावरून आपला विचार बदलला असे समजलो.'

"कधी सांगितलं?" तिने मला विचारलं.

मी चिटोरा तिला परत दिला. ती कॅन्टीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसली आणि टॅबवर आधीच्या सोमवारची फाइल उघडली. अकरा बेचाळीसला नायट्रोजनची ओळ होती. त्याखाली नियमांची ओळ, अकरा सत्तेचाळीसला. मध्ये काहीच नव्हतं.

"पाच मिनिटं?" ती म्हणाली. "सर पाच मिनिटं गप्प उभे होते? तूच म्हणतेस ना, हा माणूस श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही?"

शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मी लॅपटॉप उघडला आणि त्या पाच मिनिटांत जे जे झालं होतं ते सगळं टाइप केलं. अलार्म, कान, बिल्डिंग, नायट्रोजन, हशा, तिचं 'काय झालं गं', पुन्हा हशा, गुरुवार, आणि माझी हललेली मान. ती टॅबवर ओळ उमटेल तशी वाचत होती. नायट्रोजनच्या ओळीवर ती चक्क हसली.

"हा बरा होता," ती म्हणाली. मग शेवटपर्यंत वाचलं. "एवढंच? अगं, घरी माझे सख्खे काका याहून वाईट बोलतात मला. भोंगा म्हणतात. हे मी पचवलं असतं गं. गुरुवारचं का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," असं मी टाइप केलं. स्क्रीनवर ते फार लहान दिसलं.

तिने ते वाचलं आणि फाइल बंद केली. मग दुसरी उघडली, तिच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. दोन्ही वर्षांच्या सगळ्या तासांच्या फाइली तिच्याकडे होत्या. ती फक्त डाव्या बाजूची वेळ बघत होती. दोन मिनिटांपेक्षा मोठी फट दिसली की थांबायची.

"चौदा तारीख. नऊ पाच ते नऊ आठ. काय झालं होतं?"

"आठवत नाही," मी टाइप केलं.

"बरं. बावीस तारीख, दुपारचा तास."

"वीज गेली होती बहुतेक."

"वीज गेली तर वरच्या ओळीत तसं लिहायचीस तू. ही बघ, इथे लिहिलंयस."

"मग आठवत नाही."

"आणि ही? चार मिनिटं आहेत."

ही आठवत होती. मी सांगितली. आणखी दोन आठवल्या, त्याही सांगितल्या. एकूण सव्वीस फटी निघाल्या. बाकीच्या तेवीस ठिकाणी काय होतं ते मला खरंच आठवत नव्हतं. त्यातल्या काही खरोखरच शांततेच्या असतील, सर फळा पुसत असतील. कोणत्या ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

भिंगरीने टॅब पालथा ठेवला. पहिल्यांदाच तिचा आवाज इतका हळू झाला की मला पुढे वाकावं लागलं.

"मला वाटायचं, आपला वर्ग किती चांगला आहे. आईला मी तसं सांगितलंय."

तिने विभागाकडे तक्रार केली आणि शुक्रवारी बैठक ठरली. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, म्हणजे टाइप केलं, 'मी सांगते की सर गुरुवारचं काही बोललेच नाहीत. वर्गातलं कोणी स्वतःहून सांगायला येणार नाही. तुला जागा मिळेल.'

तिने वाचलं. "आता सरांचंही गाळणार का तू?" मग म्हणाली, "जे झालं ते सांग. आणि टाइप तू करू नकोस. पहिल्या वर्षाची ती चष्मेवाली येणार आहे."

बैठकीत विभागप्रमुख बाई, सर आणि कार्यालयातले एक गृहस्थ होते. चष्मेवाली भिंगरीशेजारी बसली होती. तिचा कीबोर्ड जुना होता, प्रत्येक अक्षराचा ठोका ऐकू येत होता. ती चार बोटांनी टाइप करत होती आणि गाळायचं काय ते तिला माहीत नव्हतं. मला बसवलं होतं तिथून टॅब दिसत होता.

बाईंनी मला विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. माझं बोलणं मला समोर उमटताना दिसत होतं. 'म्हणजे मी तेव्हा मला वाटलं की की नंतर सांगीन (थांबली) नाही सांगितलं.'

"म्हणजे सूचना दिली गेली होती," बाई म्हणाल्या.

"हो."

"मुदतीच्या आत?"

"हो."

"आणि ती हिला पोचवली, असं तू सरांना खुणेनं सांगितलंस."

"हो."

बाईंनी चष्मा काढला. "मग सरांकडून काय राहिलं, सांग बरं? तो विनोद मला आवडलेला नाही, तसं मी लिहिते आहे. सर, हे वर्गात चालायला नको."

"नाही चालणार, बाई," सर म्हणाले. ते खरंच ओशाळले होते. "मला वाटलं तिला कळलंय. हसत होती ती पण."

हसत होती. ते खरं होतं. सगळे हसतात तेव्हा ती थोडं हसून घ्यायची. सरांचं ते वाक्यही टॅबवर उमटलं आणि भिंगरीने वाचलं.

"दोन्ही मुलांची कामं सुरू झालीत," बाई म्हणाल्या. "आता काढता येणार नाही कोणाला. पुढच्या वर्षीपासून दिव्याच्या अलार्मची सोय विभागच करेल." पुढच्या वर्षी भिंगरी इथे नसणार होती. कार्यालयातल्या गृहस्थांनी कागदावर तिची सही घेतली, मग माझी.

बाहेर पॅसेजमध्ये ती पुढे चालत होती. मी तिच्या दंडाला हात लावला तेव्हा ती थांबली.

"आईला काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "प्रोजेक्ट मीच बदलून घेतला, असं सांगणार आहे मी."

आता ती दिवसभर संगणकाच्या खोलीत असते. तिचं काम स्क्रीनवरच्या अणूंचं तापमान खाली आणण्याचं आहे. ती माझ्यापेक्षा वेगाने टाइप करते हे मला माहीत नव्हतं. आम्ही एकाच खोलीत राहतो, जेवायला एकत्र जातो. तिला काही विचारायचं असेल तर विचारते. मी लिहून उत्तर दिलं की ते दोनदा वाचते.

तासाला मी तिसऱ्या बाकावर बसते. माझ्या हातांना काम नसतं, म्हणून वहीत लिहिते. माझ्या जागेवर पहिल्या वर्षाची चष्मेवाली असते, तिचे तास त्या वेळी रिकामे असतात. काल सरांनी एका जुन्या उपकरणाची गोष्ट सांगितली. निरुपद्रवी गोष्ट होती, सगळे हसले. चष्मेवाली खाली मान घालून ठोकत होती, एक वाक्य मागे, मग दोन. सर पुढच्या समीकरणाकडे वळले. फळ्यावर अर्धी ओळ लिहून झाली, वर्ग शांत होता, आणि भिंगरी हसली. एकटीच, मोठ्यांदा. सर्वांनी तिच्याकडे पाहिलं. सरांचा खडू फळ्यावर थांबला.

सगळे तिच्याकडे बघताहेत, हेही चष्मेवालीने टाइप केलं असणार. भिंगरीने टॅबकडे पाहिलं आणि तिचं हसू मध्येच तुटलं.