एक भोक खाली

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची काठी आहे. नुसती काठी समजून चुलीत घालू नका. माझ्या टोकाला एक उभी पट्टी आहे आणि पट्टीला ओळीने भोकं आहेत. एका बुरुडाने ती तापल्या सळईने पाडली. चटके बसले खरे, पण त्याशिवाय मला आभाळ दिसलं नसतं.

माझे मालक तारेबुवा. हे लोकांनीच ठेवलेलं नाव. दुर्बीण त्यांनी कधी डोळ्याला लावली नाही. मला डोळ्याशी धरायचं, पट्टीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि तारा कितव्या भोकात दिसतो ते बघायचं. एवढ्यावर त्यांनी घरच्या ओट्यावरून समोरच्या डोंगराची उंची काढली, कोणता ग्रह कधी कुठे दिसेल याची नवी कोष्टकं केली, ग्रहणाची वेळ आधी सांगितली.

"काय बुवा, माश्या मारताय का?" असं लोक विचारायचे. ग्रहण बरोबर लागलं, तेव्हा तेच मला हात लावून बघायला आले. निर्लज्ज कुठले!

म्हातारपणी बुवांची नजर गेली. शेवटचं कोष्टक शुक्राचं, ते तपासायचं राहिलं. त्या काळजीने त्यांना जेवण जाईना. एका संध्याकाळी त्यांनी मला आजींच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या हाती दिलं.

"खालून पाचव्या भोकात दिसायला हवा. दिसतोय ना?"

आजींनी एक डोळा मिटला. शुक्र चौथ्यात होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर म्हातारा सुखाने झोपला असता.

"अहो..."

"बोल की! जन्मभर तोंडावर बोललीस, आजच लाजतेस होय?"

"एक भोक खाली आहे."

बुवा खो खो हसत सुटले. "म्हणजे चुकलं! कुठे गं चुकलं असेल? कागद घे, मी सांगतो, तू लिही."

"आधी जेवा."

"वाढ. आज जरा जास्तच वाढ!"

आजींच्या डोळ्यांनी कोष्टक नव्याने झालं, आणि बरोबर झालं. आता मी संग्रहालयात काचेमागे सुखात आहे. पाटीवर बुवांचं नाव आहे, आजींचं नाही. त्याचा मात्र मला संताप येतो. खाली लिहिलंय, 'हात लावू नये'. अरे, मी हातातच मोठी झाले!

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, आभाळापासून नको. कधीतरी बाहेर काढा, डोळ्याशी धरा आणि जे दिसेल तेच सांगा. ऐकणारा कितीही लाडका असला, तरी.