कौशल्येची परवानगी

"यातल्या कौशल्या कोण?" काउंटरवरच्या मुलीने कागद फिरवून खंडोजींसमोर धरला.

"आमची मंडळी."

"त्या कुठे आहेत?"

"घरी," खंडोजी म्हणाले. मग विमानतळावर खोटं नको म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "भिंतीवर."

मुलीच्या कोटावर सुप्रीता अशी पाटी होती. भिंतीवर म्हणजे काय ते तिला क्षणभराने कळलं, आणि या नोकरीत बहुधा पहिल्याच दिवशी शिकवत असावेत ते तिने केलं. चेहरा हलू दिला नाही. पुन्हा एकदा पडद्यावर बघून ती कन्नडमध्ये म्हणाली, "सर, यांना केनियात जायची परवानगी आहे. तुम्हाला नाही."

खंडोजी बंगळूरच्या जुन्या मराठ्यांपैकी. त्यांचे पूर्वज कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्या वेळी त्यांना परवानगीचा कागद कुणी विचारला नव्हता. खुद्द खंडोजींनी सिटी बसच्या डेपोत जन्मभर ब्रेक दुरुस्त केले, आणि त्या गुणाला जागून स्वतःही फार लांब कुठे गेले नाहीत.

आता निघाले होते ते लेकीसाठी. जावई शुभंकर आधी देवनहळ्ळीच्या हरितगृहात गुलाब लावायचा. आता तेच गुलाब तो नैरोबीजवळ लावत होता. संयोगिताला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणे तिने माहेरी यायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मग माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. कौशल्येला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या, त्यामुळे माहेर म्हणजे एकटे खंडोजी उरले होते.

त्यांनी तयारीत कसर ठेवली नाही. शेजारच्या गुरुराजच्या आईने त्यांना बाळंतविडा समजावला, डिंकाचे लाडू वळायला शिकवले आणि बाळाच्या मापाचा एक कोहळा आणून दिला. खंडोजी रोज सकाळी पाटावर पाय पसरून बसत, कोहळ्याला पायांवर घेऊन तेल चोळत आणि मानेखाली हात देऊन न्हाऊ घालत. पहिला कोहळा निसटून फुटला. त्याचं सांबार झालं. दुसरा टिकला तेव्हा गुरुराजची आई म्हणाली, "सरी, जमलं, आता जा."

जायचं कसं, ते वरच्या मजल्यावरचा भाडेकरू तनय बघणार होता. तो पुण्याचा, कोरमंगल्यातल्या एका कंपनीत कामाला, आणि मारतहळ्ळीत खंडोजींकडे राहायला येऊन थोडेच महिने झालेला.

"अंकल, केनियाने व्हिसा काढूनच टाकलाय. एकदम फ्री."

"म्हणजे तसंच जायचं?"

"नाही, आधी परवानगी घ्यायची. ऑनलाइन. पासपोर्ट, फोटो, कुठे राहणार, कशाला येताय, सगळं भरायचं. मग ते बघणार आणि ठरवणार."

"मग व्हिसात काय वाईट होतं?"

तनयने प्रामाणिकपणे विचार केला. "तो पासपोर्टवर चिकटवायचे. हा ईमेलवर येतो. आणि हा आला तरी आत घ्यायचं की नाही, ते तिथला ऑफिसर बघणार."

खंडोजींनी पासपोर्ट काढून दिले. दोन्ही. ते एकाच रबरबँडमध्ये होते, सोबत दोघांचे फोटो. रेशनकार्डापासून गॅसच्या जोडणीपर्यंत जिथे जिथे कागद मागितले तिथे त्यांनी जन्मभर दोघांचे एकदमच दिले होते. ते सुटे करायचे असतात, हे त्यांना सुचलंच नाही.

तनयलाही वावगं वाटलं नाही. काकू कुठेतरी गावी असाव्यात, असा त्याचा समज होता. खंडोजी त्याला सांगत, आमच्याकडे लसूण चालत नाही, रात्री फाटक आपटलेलं कौशल्येला आवडत नाही. न बघितलेल्या काकूंच्या धाकाने तो फाटक दोन्ही हातांनी लावत असे. त्याने दोघांचेही अर्ज भरायला घेतले.

"अंकल, कारण टुरिझम टाकतो."

खंडोजी उठून उभे राहिले. "लेक तिथं अडलेली आणि बाप फिरायला चाललाय?"

"नुसतं लिहायला हो. सगळे तेच लिहितात."

"तिच्या सासरच्यांनी वाचलं तर?"

केनियाचं सरकार म्हणजे तिच्या सासरचे नव्हेत, हे तनयने दोन-तीन प्रकारे सांगून पाहिलं.

"फिरायला नाही," खंडोजी म्हणाले. "बाळंतपण करायला."

यादीत बाळंतपण नव्हतं. त्याच्या जवळचं म्हणून तनयने 'वैद्यकीय' निवडलं. काकू हुज्जत घालायला तिथे नव्हत्या, म्हणून त्यांच्या अर्जात 'पर्यटन'. 'नातेवाइकांची भेट' असाही एक पर्याय खाली होता, पण तिथपर्यंत दोघांपैकी कुणी पोचलं नाही.

फिरायला निघालेल्या कौशल्येबद्दल कुणाला काही शंका आली नाही. तिला मंजुरी मिळाली. मंजूर एवढंच वाचून तनयने कागद छापला आणि खुशीत खाली आणून दिला. खंडोजींकडे हॉस्पिटलचं पत्र मागणारी ईमेल त्याच्या जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडली.

हे सगळं आता काउंटरपाशी उभ्याउभ्या, फोनवरून उलगडत होतं. तनय ऑफिसातल्या एका मीटिंगच्या खोलीत स्वतःला कोंडून सॉरी अंकल, सॉरी अंकल म्हणत होता आणि काकूंबद्दल काय बोलावं ते न सुचून पुन्हा सॉरी म्हणत होता. शुभंकरने हॉस्पिटलचं पत्र मिळवून पाठवलं. तनयने ते चढवलं. आता वाट बघणं एवढंच उरलं.

खंडोजींना ते जमेना. ते खांबापर्यंत जाऊन परत येत. पिशवी उघडत, लाडवांचा डबा चाचपत, पिशवी बंद करत. खुर्चीत बसले की खुर्ची टोचे. सुप्रीता पडद्यावर बघून दर वेळी म्हणे, अजून तपासणीतच आहे, स्वल्प थांबा.

"मला तसंच जाऊ दे, मगा," ते लेकीला म्हणावं तसं म्हणाले. "पुढं मी बोलतो त्यांच्याशी."

"सर, त्यांनी आत घेतलं नाही तर आम्हालाच तुम्हाला परत आणावं लागतं. वर दंड."

"म्हणजे नाही म्हणाले तर तुम्ही मला घरी आणून सोडणार?"

"हो."

"मग भ्यायचं कशाला?"

"सर," सुप्रीता म्हणाली, आणि या वेळी तिचा चेहरा थोडा हलला.

रांग संपली. शेजारच्या काउंटरवरचा पट्टा थांबला. तिचे वरिष्ठ लांबून घड्याळावर बोट ठेवून उभे होते. खंडोजी काउंटरवर ओणवे झाले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "फिरायला लिही. मी फिरेन. रोज फिरेन म्हणून सांग त्यांना."

"आता बदलता येत नाही सर," ती म्हणाली. तिने काउंटरचा दिवा बंद केला, पण उठली नाही.

त्याच वेळी फोन वाजला. संयोगिता होती. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज, अनोळखी भाषेतली घाई.

"अप्पा, मला आत नेतायत. बसलात का विमानात?"

खंडोजींनी विझलेल्या दिव्याकडे बघितलं. मग हातातल्या कागदाकडे.

"तुझ्या आईला परवानगी मिळाली बघ," ते म्हणाले.

"काय?"

"केनिया सरकारची. कागद आहे माझ्या हातात, शिक्क्यासकट. माझं जरा अडलंय, मी मागनं येतोय. ती निघाली पुढं."

पलीकडून तुटक श्वास ऐकू आले. ती हसतेय की कळ आलीय, ते कळायला मार्ग नव्हता.

"बरं," संयोगिता म्हणाली. "तिला म्हणावं, लवकर ये."

फोन बंद झाला. सुप्रीता फाइल चाळायचं निमित्त करून खाली बघत होती. तिला मराठी येत होतं की नाही, ते तिने सांगितलं नाही. थोड्या वेळाने ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि तिने पिशवीचा एक बंद धरला. एकदा आत आलेल्या माणसाला विमानतळाच्या बाहेर पडायचं तर कंपनीचं माणूस बरोबर लागतं, असा नियम होता.

दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, नोंदवहीत नाव लिहून घेतलं. "प्रवास रद्द?"

"पुढे ढकलला," सुप्रीताने सांगितलं.

"एकटेच का?"

खंडोजींनी मागे वळून फलकाकडे बघितलं. त्यांच्या विमानाच्या ओळीत 'रवाना' असं उमटत होतं. ते नीट उमटून स्थिर होईपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"आता एकटाच," ते म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.